इंदूरच्या नळाच्या पाण्यात अ‍ॅपिस्टोची पिल्लं कशी वाढवायची

अ‍ॅपिस्टो म्हणजे अ‍ॅपिस्टोग्रामा, सिक्लिड कुळातला छोटा शोभेचा मासा. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. अंडी काढून वेगळ्या डब्यात ठेवायची, त्यात मेथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं निळं औषध टाकायचं, एअर लावायची आणि पिल्लं निघाली की मोजत बसायचं, ही पद्धत व्हिडिओंमध्ये खूप दाखवतात आणि विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्यांना ती सोयीचीही असेल, पण घरी एक प्लँटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेला टँक, आहे आणि छोटे सिक्लिड हौसेने पाळायचेत तर हे करू नका. अ‍ॅपिस्टोग्रामाची मादी दोन इंचांची पण नसते, ती पिवळीधम्म होऊन पन्नास-साठ पिल्लांचा घोळका झाडांमधून फिरवते, अंग झटकून त्यांना थांब म्हणते, चल म्हणते, आणि ती पिल्लं ऐकतात. हे घरात बघायला मिळतंय तर ते डब्यात घालून घालवायचं कशाला. म्हणून इथे जे लिहितेय ते सगळं आईजवळच पिल्लं मोठी करण्याचं आहे, आणि त्यासाठी आपलं काम एवढंच की पाणी, झाडं आणि खाणं तिला हवं तसं मिळेल असं बघायचं.

मासा कुठला घ्यायचा ते तुमचं पाणी ठरवतं, फोटो नाही. आपल्याकडे नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून पंपाने चढवून आणलेलं, १९७८ पासून शहर ह्याच्यावर चाललंय. हे पाणी थोडं कडक असतं आणि पीएच सातच्या वरच राहतो. बोरिंगचं पाणी तर त्याहून कडक, माळव्याच्या काळ्या दगडातून येतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात ते तुम्ही बघितलेच असतील. आता अ‍ॅपिस्टोग्रामा अगासिझी किंवा जंगली पकडलेले मासे हे अगदी मऊ, आंबट, चहासारख्या रंगाच्या पाण्यातले, त्यांना नर्मदेच्या पाण्यात ठेवलं तर जगतील कदाचित पण अंडी फुटणार नाहीत, पांढरी पडून बुरशी लागेल. पहिल्यांदा करणाऱ्याने कॅकॅटुऑइड्स घ्यावा. दुकानात ह्याला कोकाटू म्हणतात, पाठीवरचे पहिले काटे तुऱ्यासारखे उभे असतात म्हणून. पेरूमधला मासा, पण पिढ्यानपिढ्या फार्ममध्ये वाढलेला आहे, जरा कडक पाणी चालवून घेतो आणि त्यात अंडीही देतो. दुसरा पर्याय क्रिबेन्सिस, हा आफ्रिकेतला, नायजेरियाकडचा, ह्याला नळाचं पाणी जवळजवळ तसंच चालतं आणि ह्याच्यात नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. तुमच्याकडे फक्त बोरिंगच असेल तर मी क्रिबच घ्या म्हणेन.

रॅम ह्या दुसऱ्या छोट्या सिक्लिडबद्दल सगळे विचारतात कारण दुकानात सगळ्यात सुंदर तोच दिसतो. तो व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानातला, गरम आणि मऊ पाण्यातला, २८-२९ डिग्री त्याला लागतं. बाजारातले रॅम पुष्कळदा रंग यावा म्हणून हार्मोन दिलेले असतात, आणि इतक्या पिढ्या अंडी काढून कृत्रिम पद्धतीने वाढवलेत की बरीच जोडपी अंडी खाऊन टाकतात, सांभाळायचं विसरलेत. म्हणून सुरुवात रॅमने नको. नंतर अनुभव आला की बघा.

पाणी तयार करायचं म्हणजे काय तर नळाचं पाणी आणि घरच्या आरओचं पाणी मिसळायचं. जेल रोडवर टीडीएस मीटर मिळतो, ऑनलाइनही मिळतो, तो घ्याच, आणि एकदा जीएच (पाण्याचा एकूण कडकपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट क्षार) ह्यांचे ड्रॉप टेस्टही करून बघा कारण टीडीएस फक्त एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. कोकाटूसाठी निम्मं नळाचं निम्मं आरओचं करून टीडीएस दीडशे-दोनशेच्या आसपास आला तर उत्तम. आरओच्या पांढऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते नाही हं, त्यात सगळा क्षार गोळा झालेला असतो, ते फरशी पुसायला ठेवा. पावसाळ्यात पहिल्या काही जोरदार सरी जाऊ द्यायच्या, छत धुवून निघालं की मग पत्र्याला न लागता थेट उघड्यावर ड्रम ठेवून पाणी भरायचं, हे तर फुकटचं मऊ पाणी आहे आणि मासे त्याला लगेच प्रतिसाद देतात.

पीएच कमी करायला लिंबू, व्हिनेगर, ते पीएच डाऊनचे थेंब, ह्यातलं काहीच टाकू नका. केएच जास्त असेल तर आज पीएच खाली येईल आणि उद्या परत वर जाईल, आणि ही वरखाली माशाला स्थिर ७.८ पेक्षा जास्त त्रास देते. देशी बदामाची वाळलेली पानं टाका, कॉलनीत कुठे ना कुठे झाड असतंच, झाडावरून आपोआप गळलेली तांबूस-तपकिरी पानं उचलायची, रस्त्याच्या कडेची धूळ-तेल लागलेली नको, धुवायची आणि सरळ टाकायची. पाणी हलकं पिवळट होईल, होऊ द्या. कडक पाण्यात ह्याने पीएच काही फार हलणार नाही पण बुरशी कमी लागते आणि पान सडत जातं तसं त्याच्यावर जी बारीक जीवसृष्टी उगवते ती पिल्लांचं पहिलं खाणं असतं. नळाचं पाणी वापरताना अँटीक्लोरीन विसरू नका, एक दिवसाआड पाणी येतं त्यामुळे आपण टाकीत भरून ठेवतो आणि वाटतं की क्लोरीन उडून गेलं असेल, पण झाकलेल्या टाकीतून ते इतकं सहज जात नाही, दोन थेंब टाकायला काय जातं.

टँक दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न लिटर, एका जोडीला पुरतो. एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील, जे कोकाटूला खरं तर आवडतं, तर तीन फुटाचा हवा आणि प्रत्येक मादीला स्वतःची गुहा वेगळ्या कोपऱ्यात हवी, एकमेकींना दिसणार नाही अशी. उंचीला काही महत्त्व नाही, हे मासे तळाशी राहतात, तळाची जागा बघा. खाली बारीक रेती टाकायची कारण हे सिक्लिड तोंडात रेती घेऊन चाळतात आणि कल्ल्यातून सोडतात, धारदार खडी असेल तर ते करता येत नाही. बांधकामाची रेती चाळून दहा वेळा धुवून चालते, फक्त आधी वाटीभर रेतीवर व्हिनेगर ओतून बघायचं, फसफसली तर त्यात शिंपल्याचा चुना आहे, ती पाणी कडक करत राहील, घेऊ नका.

फिल्टर स्पंजचाच. आत लावायचा मोटरवाला फिल्टर असेल तर त्याच्या तोंडावर जाड स्पंज चढवा नाहीतर पिल्लं सरळ आत जातात. आणि टँक लावल्या लावल्या मासे नाहीत सोडायचे, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार-सहा आठवडे जातात, आणि खरं सांगायचं तर पिल्लांसाठी मी त्याहूनही जुना टँक मागेन, तीन-चार महिने झालेला, ज्याच्या मागच्या काचेवर शेवाळ आहे, मॉसमध्ये घाण अडकलीय, कोपऱ्यात पानांचा चुरा आहे. ही घाण म्हणजेच पिल्लांचं खाणं आहे, समोरची काच पुसा, बाकी हात लावू नका. चकचकीत नव्या टँकमध्ये आई पिल्लांना घेऊन फिरते पण त्यांना टोचायला काही सापडतच नाही.

झाडं महागडी नकोत. जावा मॉस भरपूर, दोन-तीन क्रिप्टोकोरीन, लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न, मागे व्हॅलिसनेरिया, आणि वर तरंगणारं काहीतरी, साल्व्हिनिया किंवा पिस्टिया, म्हणजे प्रकाश गाळून खाली येतो आणि मासा निर्धास्त राहतो. सीओटूची गरज नाही. क्रिब असेल तर तो गुहेसमोर खणतो, मुळं धरलेली नसतील तर झाड उपटून टाकतो, म्हणून क्रिबच्या टँकमध्ये लाकडाला बांधलेली झाडंच जास्त ठेवा.

गुहा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. चहाचं मातीचं कुल्हड, न रंगवलेलं, ते दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून धुवून उलटं ठेवायचं आणि कडेला एक छोटी खाच पाडायची, किंवा नारळाची करवंटी उकळून, पाणी काळं येणं थांबेपर्यंत उकळायची, तिला भोक पाडून ठेवायची. भोक किती मोठं हे महत्त्वाचं, साधारण दोन सेंटीमीटर, म्हणजे मादी आत जाईल आणि नर जाणार नाही असं. मादी अशीच गुहा निवडते. अंडी आत छतावर चिकटवते म्हणून छत खडबडीत असलं तर बरं, मातीचं कुल्हड त्यासाठी एकदम योग्य. चार-पाच वेगवेगळ्या गुहा ठेवा, ती स्वतः ठरवेल, आणि गुहेचं तोंड समोरच्या काचेकडे करण्याचा हट्ट करू नका, तिला ते आवडत नाही.

मासे आणताना जोडी म्हणून दिलेलं घेऊ नका. दुकानात रंगीत दिसतात ते सगळे नर, मादी छोटी, करडी, तिला कोणी विचारत नाही म्हणून पुष्कळदा ती मागवलीच जात नाही, दुकानदाराला आधी सांगून मागवावी लागते. आपल्याकडे येणारे बरेचसे मासे कोलकाता नाहीतर चेन्नईहून लांबचा प्रवास करून येतात, पार्सल उघडलं त्याच दिवशी घेऊ नका, आठवडाभर दुकानात राहू द्या मग बघा. पोट आत गेलेलं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, पंख मिटलेले असे असतील तर कितीही सुंदर असला तरी नाही. शक्य असेल तर सहा छोटे घ्या आणि त्यांनाच एकमेकांना निवडू द्या. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मगच मुख्य टँकमध्ये सोडा, आणि सोडताना थेंब थेंब पाणी मिसळत तासभर तरी लावा कारण दुकानाचं पाणी आणि तुमचं मिसळलेलं पाणी ह्यात खूप फरक असेल.

बरोबर काय ठेवायचं, तर वरच्या थरात फिरणारे पाच-सहा लहान मासे, छोटे रासबोरा वगैरे. ते मोकळे फिरताना दिसले की सिक्लिडला कळतं की धोका नाही, आणि मादीला हाकलायला कोणीतरी मिळतं, नाहीतर ती सगळा राग नरावर काढते. तळाला राहणारं काही नको, प्लेको, लोच, कोरीडोरास हे रात्री अंधारात अंडी-पिल्लं चट्ट करतात आणि आईला रात्री दिसत नाही.

आता तयारी. दोन आठवडे चांगलं खाणं द्या, फ्रोजन ब्लडवर्म, डाफ्निया किंवा मोइना (पाण्यातल्या बारीक पिसवा), दिवसातून दोनदा थोडं थोडं. जिवंत ट्यूबीफेक्स दुकानात वाटीत मिळतात ते मी देत नाही, ते गटारात वाढतात आणि रोग घेऊन येतात. डासांच्या अळ्यांवर मासे तुटून पडतात हे खरं पण घरात डास वाढवायचे नाहीत, डेंग्यूचं शहर आहे आपलं. मग एक दिवस नेहमीपेक्षा मोठा वॉटर चेंज करा, तीस-चाळीस टक्के, एक-दोन डिग्री थंड आणि जरा मऊ पाण्याने, त्यांना वाटतं पाऊस आला, आणि परत तापमान २६-२७ वर आणा. दोनचार दिवसात मादीचं पोट पिवळं होऊन फुगलेलं दिसेल, ती नरासमोर अंग वाकवून थरथरते, आणि एके सकाळी ती दिसणारच नाही. घाबरू नका, गुहेत आहे. ती बाहेर आली की ओळखूच येत नाही, हळदीसारखी पिवळी, अंगावर काळ्याभोर खुणा, आणि तिच्यापेक्षा दीडपट नराला ती टँकच्या दुसऱ्या टोकाला पिटाळते.

इथे टॉर्च मारून गुहा उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा, मादी बिथरली तर अंडी खाते. अंडी २६-२७ डिग्रीला दोन-तीन दिवसात फुटतात, त्यानंतर पाच-सहा दिवस पिल्लं नुसती वळवळत पडून असतात, पोटाला पिवळी पिशवी असते तीच त्यांचं जेवण, तेव्हा काही खायला द्यायचं नाही. मादी त्यांना तोंडात घेऊन इकडून तिकडे हलवते, बघणाऱ्याला वाटतं खाल्ली, नाही, जागा बदलतेय. नराचे पंख फाटलेले दिसले, तो वर कोपऱ्यात लपून बसला असेल तर दोन फुटाच्या टँकमधून त्याला काढा. हे फक्त अ‍ॅपिस्टोसाठी, क्रिबचा नर काढायचा नाही, तिथे बाप अर्धी जबाबदारी घेतो आणि काढून परत टाकलात तर जोडी मोडते. पहिलं-दुसरं लॉट मादीने खाल्लं तर तिला दोष देऊ नका, तरुण आहे, शिकतेय, पुढच्या महिन्यात परत देईल.

खरी मेहनत आता सुरू होते, आणि ही तयारी पिल्लं पोहायला लागल्यावर नाही, मादी गुहेत जाऊन बसली त्या दिवशीच करायची. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची सुकी अंडी आणून ठेवा, फ्रिजमध्ये घट्ट डब्यात. एक लिटर पाणी, त्यात पंचवीस-तीस ग्रॅम जाडं मीठ, म्हणजे दीड मोठा चमचा, चिमूटभर खायचा सोडा, पाव चमचा अंडी, आणि खालपर्यंत पोचेल अशी एअरची नळी. कोल्ड ड्रिंकची बाटली उलटी कापून केलेलं फनेल ह्याला छान चालतं. वरून दिवा ठेवा. २६-२८ डिग्रीला चोवीस तासात निघतात, थंडीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा छत्तीस तासही लागतात, मग बाटली टँकमध्येच तरंगत ठेवा, हीटरची ऊब मिळते. निघाले की एअर बंद करा, दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, नारिंगी जिवंत ढग खाली बसतो, तो नळीने ओढून जुन्या मलमलच्या रुमालात गाळायचा, साध्या पाण्याने धुवायचा आणि ड्रॉपरने आईच्या अगदी जवळ सोडायचा. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. आणि ताजेच द्या, निघाल्यानंतर पहिल्या काही तासात त्यांच्या अंगात जो पिवळा बलक असतो तेच पोषण, उद्यापर्यंत ठेवलेला आर्टेमिया पोकळ झालेला असतो.

दिवसातून तीनदा, अगदी थोडं. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की पोचलं. एखाद्या वेळी बाटली फसते, अंडी निघतच नाहीत, म्हणून मागे मायक्रोवर्म, म्हणजे डब्यात वाढवायचे अगदी बारीक किडे, ठेवा, ओट्सची घट्ट पेज, वर चिमूटभर यीस्ट आणि कोणाच्या तरी चालू मायक्रोवर्मच्या डब्यातून आणलेलं चमचाभर विरजण, झाकणाला बारीक भोकं, डब्याच्या कडेला किडे चढतात ते बोटाने पुसून टँकमध्ये. आर्टेमिया जास्त झाला तर काचेवर हायड्रा दिसायला लागतात, पांढरे धाग्यासारखे, हात पसरलेले, ते नव्या पिल्लांना पकडतात, दिसले की औषध नको, खाणं कमी करा.

वॉटर चेंज थांबवायचे नाहीत, फक्त लहान करायचे, रोज किंवा दिवसाआड दहा टक्के, एअरच्या नळीने, पांढऱ्या बादलीत, आणि बादली ओतण्याआधी पाच मिनिटं ठेवून नीट बघायची, एक-दोन पिल्लं नेहमी येतात. नवीन पाणी तेवढ्याच तापमानाचं आणि त्याच टीडीएसचं. लाइट झटकन बंद करू नका, आधी टँकचा, खोलीतला थोडा वेळ चालू, तेवढ्यात आई सगळ्यांना गोळा करून खड्ड्यात झोपवते, हे रोज संध्याकाळी बघण्यासारखं असतं.

आणि हे तापमानाचं नीट लक्षात घ्या, कारण पुढे सगळे नरच का निघाले असं लोक विचारतात. अ‍ॅपिस्टोमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे बऱ्याच अंशी पहिल्या महिन्याभरातलं तापमान ठरवतं. उवे रोमर ह्या जर्मन अभ्यासकाने सहकाऱ्याबरोबर १९९६ मध्ये ३७ जातींवर २३, २६ आणि २९ डिग्रीला पिल्लं वाढवून हे दाखवलं, गरम पाण्यात नर जास्त, थंडमध्ये माद्या जास्त, आणि काही जातींमध्ये पीएचचाही परिणाम होतो. आता आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीतलं पाणी एसीशिवाय सहज तिशीला जातं, म्हणजे उन्हाळ्यातलं लॉट नरांनीच भरणार. झाकण काढून वर छोटा पंखा लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात, पण मला विचाराल तर दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळच धरा, हीटर २६ वर ठेवून द्या, हीटर तापमान वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही, म्हणून हिवाळ्यात सगळं आपल्या हातात असतं. फक्त एक बॅटरीवाला एअर पंप घरात असू द्या, वादळात लाइट जातेच.

चार-पाच आठवड्यांनी पिल्लं सेंटीमीटरभर झाली की आईचा पिवळा रंग उतरायला लागतो, ती पिल्लांना ढकलायला लागते, तेव्हा त्यांना दुसऱ्या टँकमध्ये हलवा. पाणी मात्र जुन्याच टँकचं घ्या आणि एक चालू स्पंजही तिकडे न्या. जाळीने पकडू नका, काचेच्या ग्लासने पाण्यासकट उचला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नर-मादी ओळखू येतात, तोपर्यंत कोणाला जोडी म्हणून देऊ नका. जास्त झाली तर ओळखीच्या लोकांना द्या, दुकानदार घेतो, बदल्यात खाणं किंवा झाडं देतो. काहीही झालं तरी सिरपूर, बिलावली, यशवंत सागर कुठेच सोडू नका. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलेत, तिथे बाहेरचा मासा सोडणं म्हणजे त्या तळ्यातल्या आपल्या माशांच्या जिवावर उठणं, तिलापियाने देशभरच्या तळ्यांत काय केलंय ते बघाच.

पिल्लं हलवल्यावर मादीला पंधरा दिवस नरापासून वेगळी ठेवा आणि भरपूर खाऊ घाला, ती ह्या महिन्याभरात खूप वाळलेली असते कारण पिल्लांच्या मागे तिने स्वतः नीट खाल्लेलंच नसतं. पोट परत भरलं, रंग आला, की मग नराला आत सोडा, आणि ह्या वेळी जुनं कुल्हड बाहेर न काढता तिथेच राहू द्या, ज्या गुहेत एकदा पिल्लं निघाली ती मादी पुष्कळदा परत तीच निवडते.